भाऊ कुणाचा?

गेनू पहिल्यांदा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा मी बैलाच्या दाव्याला गाठ मारत होतो आणि आई सुपात नाचणी पाखडत होती. अंगात धुतलेला सदरा, पायात नव्या वहाणा, हातात कोयता. कपडे लग्नाला निघाल्यासारखे आणि तोंड मयताला आल्यासारखं. मला आधी वाटलं, वाट चुकला असेल.

"हरबा तुमीच का?"

"व्हय. तू कोन?"

"मी गेनू. सावळारामदाजींचा म्हेवना."

आईच्या हातातलं सूप थांबलं. तोवर आमच्या वाडीत सावळारामाचा मेहुणा म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. आता कोणी एक परका माणूस माझ्याच अंगणात येऊन मला ते सांगत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझी थोरली बहीण जाऊन दुसरा पावसाळाही सरला होता. दाजींनी मार्गशीर्षात खालच्या खोऱ्यातली सारजा करून आणली होती. हा तिचा धाकटा भाऊ.

"दाजींनी धाडलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दोर शिकाया."

"न्हाय शिकवत," मी म्हणालो, आणि दाव्याची गाठ अशी करकचून आवळली की पुढं ती कोयत्यानं कापावी लागली.

ही दोराची भानगड काय ते सांगायला हवं. आमची वाडी कड्याच्या पायथ्याला. उन्हाळ्यात कड्याच्या कपारींना आग्या मोहोळाची सुपाएवढी पोळी लटकायची आणि ती काढायला माणूस वरून दोरानं उतरायचा. उतरणारा कोणीही असो, वर दोर धरायला त्याच्या बायकोचा भाऊच लागायचा. भावकीतला माणूस धरला तर ऐनवेळी त्याला बांधाचं भांडण आठवायचं, आणि दोस्त काय, माशा अंगावर आल्या की पळायचा. पण आपल्या बहिणीचं कुंकू पुसायला कोणी भाऊ धजणार नाही, असा जुन्या माणसांचा साधा विचार. म्हणून उतरणारा कड्याच्या तोंडाशी उभा राहून, मागं न बघता, विचारायचा, "भाऊ कुणाचा?" धरणारा आपल्या बहिणीचं नाव ओरडून सांगायचा. नाव कानावर पडलं की वरचा पाय सुटायचा.

नाव ऐकूनही जो माघारी फिरला, त्याच्या बायकोला वाडी 'कड्यानं टाकलेली' म्हणायची. माझ्या लहानपणी तशी एक बाई होती. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे आणि कोणाचं वासरू मेलं तरी बोट तिच्याकडेच जाई.

मी माझ्या बहिणीला आक्का म्हणायचो. थोरल्या बहिणीचं नाव धाकट्यानं घेण्याची आमच्यात रीत नाही, त्यामुळे मथुरा हे नाव मी फक्त कड्यावर घेतलं. तिथं वारा फार, म्हणून पोटातून ओरडून घ्यावं लागे. दाजी ते ऐकून बिनघोर उतरायचे आणि खाली पोळ्याशी लोंबकळत मला शिव्या हासडायचे, दोर सैल सोडलास म्हणून, नाहीतर ताणलास म्हणून. संध्याकाळी आक्का दोघांच्या अंगातले माशांचे काटे काढत बसायची आणि विचारायची, "हरबा, माजं नाव नीट घेतलंस न्हवं? का खाकरत खाकरत?" मग मुद्दाम दाजींकडे बघून म्हणायची, "ह्यांना ऐकू कमी येतं, जरा मोट्यानं घेत जा."

ती श्रावणात तापानं गेली. डोली बांधून आम्ही तिला नदीपर्यंत आणली होती, पण नदीला पूर. एक दांडा दाजींच्या खांद्यावर आणि एक माझ्या, असे आम्ही पाणी उतरायची वाट बघत उभे राहिलो. पाणी उतरलं तेव्हा तिला पलीकडे न्यायची गरज राहिली नव्हती. तिच्या पोटी मूल असतं तर मामा म्हणून दोर माझ्याच हातात राहिला असता. मूल नव्हतं. एका श्रावणात बहीण गेली, दोर गेला, आणि दाजीही हळूहळू येईनासे झाले.

आणि आता हा धुतलेला सदरा. उतरणाऱ्यानं धरणाऱ्याला शिकवायचं नसतं. ज्याच्या हातून दोर जातो त्यानंच पुढच्याला घरी ठेवून तयार करायचं, हीही रीतच.

गेनू हलला नाही. आईनं त्याला पाणी दिलं. ते पिऊन तांब्या पालथा घालत तो म्हणाला, "ताईला दिस गेल्यात. ती म्हनली, मथुराबाईंच्या भावाकडनंच शीक. दुसऱ्या कुनाकडनं शिकलास तर मी ह्यांना कड्यावर जाऊ द्यायची न्हाय."

"मग नका जाऊ. मधाबिगर कुनी मेलंय का?"

"दाजी ऐकत न्हाईत. मागल्या उन्हाळ्यात सुतकापायी घरी बसले. औंदा उतरनार म्हंत्यात, म्हंजी उतरनार."

दाजींचा हट्ट मला माहीत होता. ह्या पोराला काही येत नसताना ते त्याच्या हातात दोर देऊन कड्यावरून पाय सोडतील, हेही माहीत होतं. मी आईकडे बघितलं. वाटलं, ती तरी हाकलून देईल.

"शिकव," ती म्हणाली.

"आये, तुला कळतंय का, काय शिकव म्हंतीस ते?"

"मला कळतंय. तुला सावळारामाला खाली पाडायचा हाय का?"

 शिकवावं तर आक्काची जागा मीच माझ्या हातानं मोकळी करून द्यायची. न शिकवावं तर दाजी जायचे. मनातून मी म्हणत होतो, हा गडी बिनकामाचा निघू दे, आठ दिवसांत पळून जाऊ दे, म्हणजे दाजी झक मारत माझ्याकडे येतील.

तो पळून गेला नाही. गोठ्याशेजारच्या पडवीत घोंगडी टाकून राहिला.

पहिले काही दिवस मी त्याला नुसता रानात फिरवला. केवणीच्या झुडपाची सरळ, बोटभर जाडीची, बिनगाठीची फोकं ओळखायची, ती जमिनीलगत एका घावात तोडायची, मोळी ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबायची. साल कुजून सुटली की ती सोलून, आपटून, धुऊन वाख काढायचा. गेनू भातशेतीतला माणूस. त्याला झाडं ओळखू येईनात. केवण सोडून भलतंच काहीतरी तोडून आणलं, तेव्हा मी ती सगळी मोळी त्याला परत नेऊन टाकायला लावली.

"हितंच टाकली तर काय हुतं?"

"जितनं तोडलंस तितं टाक. म्हंजी पाय ध्यानात ठेवतील."

तो गेला आणि टाकून आला. आई हसली. आक्का गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, त्याचाच मला राग आला.

मग वळणं. वाख मांडीवर घेऊन तळव्यानं पुढं रेटायचा, पीळ भरायचा, अशा तीन पेडी एकमेकींत घालायच्या. वाख मांडीची सालटी काढतो. तिसऱ्या दिवशी गेनूच्या मांड्या लालभडक झाल्या, पण तो धोतर वर खोचून गप वळत बसला. मी मुद्दाम त्याचा दोर हातात घ्यायचो, दोन्ही हातांनी उलटा पिळायचो, आणि पेडीत फट दिसली की सगळा उकलून पुढ्यात टाकायचो.

"परत."

"ह्यात काय वंगाळ हाय?"

"बोट शिरतंय. बोट शिरलं की पानी शिरंल, पानी शिरलं की दोर कुजंल. तुजा दाजी त्याच्या टोकाला आसनार हाय, म्हस न्हवं."

एक दिवस संध्याकाळी बघतो तर आई त्याच्या मांडीला खोबरेल तेलात हळद कालवून लावत होती. आधी ती त्याच्याशी चार शब्दसुद्धा बोलत नसे. भाकरीही त्याच्या पुढ्यात ठेवायची नाही, बाजूला ठेवून निघून जायची.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तू शिकत हुतास तवा तुला बी लावलंवतं," आई म्हणाली. "तुला लावलं मथुरीनं."

नाव असं अचानक आलं. गेनूनं मांडी आखडून घेतली.

"कशा हुत्या ओ त्या?" त्यानं आईला विचारलं.

मला वाटलं, आई उठून जाईल. ती बसून राहिली. म्हणाली, "तोंडाळ हुती. पर कुनाला उपाशी झोपू दिलं न्हाय." मग तिनं त्याला पुष्कळ काही सांगितलं. आक्का लहानपणी फणसाच्या झाडावर चढून तिथंच झोपली होती ते, लग्नात दाजींच्या मुंडावळ्या बघून तिला हसू आवरलं नव्हतं ते. मला माहीत नसलेलंही काही सांगितलं. मी पडवीच्या खांबाला टेकून ऐकत राहिलो. ह्या माणसाची बहीण आक्काच्या चुलीवर रांधत होती आणि हाच माणूस मान खाली घालून आक्कासाठी नाक पुसत होता. त्याच्यावर रागवायला मला त्यानंतर फार कष्ट पडायला लागले.

त्याचा हात हळूहळू बसला. होळीपर्यंत त्याचा दोर माझ्यापेक्षा बरा होऊ लागला. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण रात्रभर दगड टांगून ताणलेला त्याचा दोर सकाळी तसूभरही वाढला नव्हता हे बघून बैलाच्या पाठीवर उगीच एक थाप मारली. बैल बिचारा दचकला.

धरण्याचं मी त्याला अंगणातल्या आंब्याशी शिकवलं. आधी गोणीत दगड भरून आंब्याच्या फांदीवरून सोडायचो. बुंध्याला दोराचे वेढे घ्यायचे, भार झाडानं घ्यायचा, माणसानं फक्त सोडायचं आणि थांबवायचं. एक हिसका आला की थांब. दोन आले की सोड. हिसक्यावर हिसके आले की ओढ. कड्यावर वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हातालाच कळलं पाहिजे. धूर करायची चूड कशी बांधायची तेही दाखवलं, आत सुकं गवत आणि वरून ओला पाला, म्हणजे जाळ होत नाही आणि धूर मरत नाही. पोळ्यातला पिल्लांचा भाग सोडायचा, मधाचाच तेवढा कापायचा, हे उतरणाऱ्याचं काम. पण धरणाऱ्यालाही माहीत हवं, म्हणजे खाली किती वेळ लागतो याचा अंदाज राहतो.

शेवटी माणूस टांगून बघायचा होता. घरामागं दोन पुरुष उंचीची ताल, म्हणजे शेताचा दगडी बांध, आहे. मी दोर मांड्यांत आणि कमरेला बांधून तिच्या काठाला उभा राहिलो. पाठीमागं आंब्याला वेढे घेऊन गेनू. आई परसदारी येऊन उभी.

मागं न बघता मी विचारलं, "भाऊ कुनाचा?"

उत्तर आलं नाही.

मी थांबलो. मला गेनू दिसत नव्हता, पण तो आईकडे बघत असणार हे मला कळलं. ज्या घरातून आक्काचं नाव उठलं त्या घराच्या परसात, तिच्या आईसमोर, त्याला आपल्या बहिणीचं नाव घेववेना. मी त्याला दरडावून घ्यायला लावायला हवं होतं. खरं सांगतो, मलाही ते ऐकायचं नव्हतं.

"चल, सोड," मी म्हणालो आणि पाय सोडला. त्यानं मला असा उतरवला की तालीचा दगडही अंगाला लागला नाही.

वर आल्यावर मी दोर सोडला आणि म्हणालो, "झालं तुजं. दाजीला निरोप दे."

त्यानं माझ्या पायाला हात लावला. मग आईच्या लावला. आई त्याला म्हणाली, "तुज्या बहिनीला म्हनावं, कडक ऊन झालंय, वझं उचलू नगं."

चैत्र संपता संपता आम्ही तिघं कड्यावर गेलो. शिकवणाऱ्यानं पहिल्या खेपेला मागं उभं राहायचं असतं. दोराला मात्र त्यानं हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही.

दाजींना मी किती दिवसांनी जवळून बघत होतो! कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते माझ्याशी वाटेत काही बोलले नाहीत, मीही नाही. पूर्वी ह्याच वाटेनं आम्ही इतकं हसायचो की आक्का म्हणायची, तुमच्या हसण्यानं माशा उठतील. गेनूनं अंजनीच्या बुंध्याला वेढे घेतले. मी लांबूनच बघितलं, बरोबर होते. दाजींनी दोर अंगाला बांधून घेतला, चूड पेटवून फुंकली, डबा कमरेला अडकवला आणि कड्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. खाली सगळं खोरं, आमच्या वाडीची कौलं, नदीची वाळू.

"भाऊ कुनाचा?" दाजी ओरडले.

"सारजाचा!" गेनू ओरडला. खणखणीत, पोटातून, अगदी शिकवल्यासारखा.

दाजी उभेच राहिले.

वारा होता, मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत विचारलं. गेनूनं परत सांगितलं, या खेपेला त्याचा आवाज जरा फाटला. दाजींनी उजवा पाय उचलला, पुढं केला, आणि परत मागं घेतला. मग ते गुडघ्यात वाकले आणि तिथंच, काठावर, बसले. चूड हातातून निसटून बाजूला पडली.

"दाजी?" गेनू म्हणाला.

"न्हाय उतरवत," दाजी म्हणाले. आमच्याकडे त्यांची पाठ होती. "पाय सुटंना. वळीक न्हाय पटत त्या नावाची."

त्यांची पाठ हलायला लागली. आक्काला जाळून आलो त्या दिवशी मी हा माणूस दगडासारखा बघितला होता. दीड वर्षही झालं नाही तोच दुसरी आणली म्हणून मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो होतो. मला वाटायचं, ह्यांनी आक्काला पुसून टाकली. ती त्यांच्या आत होती तशीच होती आणि मला कळलंच नव्हतं. मला तिथंच बसून त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मला बरंही वाटलं. ते मी लपवणार नाही. कड्यावर माझ्या बहिणीच्या नावाखेरीज दुसरं नाव चालत नाही हे बघून मला बरं वाटलं.

"ताईला काय सांगू मी?" गेनू रडकुंडीला आला होता. दोर त्यानं सोडला नव्हता, वेढे तसेच धरून होता. "हरबा, तिला काय सांगू? समदी वाडी तिला..."

  सकाळी आम्ही निघालो तेव्हा वाडीतल्या सगळ्यांनी बघितलं होतं. रिकामा डबा घेऊन उतरलो की विचारतील, का रे? दाजी खोटं बोलायचे नाहीत. मग पोटुशी सारजा, जिनं आपल्या भावाला 'मथुराबाईंच्या भावाकडनंच शीक' म्हणून माझ्याकडे धाडलं होतं, ती जन्मभर कड्यानं टाकलेली. तिचं पोरही त्याच नावानं वाढलं असतं.

मी दोरापासून लांब राहून दाजींच्या मागं गेलो. दोन हात अंतर ठेवून उभा राहिलो.

"उटा, दाजी."

"तू जा, हरबा."

"उटा. आन् परत इचारा."

"काय इचारू? तेच सांगंल त्यो."

"मला इचारा."

 खाली पोळ्यावर माशांचा आवाज येत होता. मग त्यांनी चूड उचलली, फुंकली, आणि उभे राहिले. मागं वळले नाहीत. आवाज मोठा नव्हता, पण आमच्या जुन्या दिवसांतलाच होता.

"भाऊ कुनाचा?"

आक्काचं नाव माझ्या तोंडात येऊन थांबलं होतं. इतक्या उन्हाळ्यांची सवय. छातीत हवा भरली होती, जीभ वर लागली होती, नुसतं सोडायचं बाकी होतं. ते सुटलं असतं तर दाजी त्याच क्षणी उतरले असते, मला माहीत होतं. हसत उतरले असते. आणि खाली ते मेलेल्या बाईच्या नावावर लोंबकळत राहिले असते, वर दोर दुसरीच्या भावाच्या हातात.

"सारजाचा," मी म्हणालो. वाऱ्यात ते मलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत ओरडलो. "गेनू सारजाचा भाऊ हाय, दाजी! तिच्या पोटात तुमचं पोर हाय! दोर सारजाचा हाय! उतरा!"

दाजींनी पाय सोडला.

दोर ताणला, गेनूच्या हातांतून सरकायला लागला, थांबला, सरकला. मी मागं येऊन एका दगडावर बसलो.  एक हिसका आला की माझ्या मुठी आवळत, दोन आले की सैल होत. गेनूचं एकदाही चुकलं नाही. खालून धूर वर आला, माशांचं मोहोळ उठलं, एक माझ्या कपाळाला डसली आणि मी ती झटकलीही नाही. दाजींच्या शिव्या ऐकू येतात का म्हणून मी कान देऊन बसलो होतो. त्यांनी एकही शिवी दिली नाही.

ते वर आले तेव्हा तोंड सुजलं होतं आणि डबा भरला होता. पहिल्या पोळ्याचा मध बायकोच्या माहेरी द्यायची रीत. आजवर तो माझ्या आईला यायचा. दाजींनी पानात एक मोठा तुकडा बांधला आणि गेनूच्या हातात ठेवला. "तुज्या आईला," म्हणाले. गेनूनं माझ्याकडे बघितलं. घे, म्हणून मी मान हलवली.

गेनू दोराची वेटोळी करायला झाडाकडे गेला, तेव्हा दाजी माझ्याजवळ आले. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्यानं ते मला बघत राहिले, मग माझ्या कपाळातला काटा त्यांनी नखानं काढला.

"लई चांगला शिकवलास त्याला," ते म्हणाले.

"व्हय."

"हरबा, आता तू येत जाऊ नगंस."

मला आधी कळलं नाही. "कुटं?"

"हितं. वर. माज्या घरी बी." त्यांनी काटा बाजूला टाकला. "तू मागं हुबा आसलास की मला तीच ऐकू येती. आज तू ढकललंस म्हनून उतरलो. रोज कोन ढकलनार? मला त्या पोरीसंगं ऱ्हायाचं हाय रे."

त्यांना माझ्याकडून नाही म्हणून घ्यायचं होतं की हो म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, "बरं, दाजी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग दोघं त्यांच्या वाटेनं गेले, मी माझ्या.

घरी आलो तर आई उंबऱ्यात बसली होती. माझे हात रिकामे बघून तिनं काही विचारलं नाही, ते तिला माहीतच होतं.

"दोर नीट धरला का त्यानं?"

"धरला."

"सावळाराम बरा हाय?"

"बरा हाय. म्हनला, आता येऊ नगंस."

 आई म्हणाली, "नाव कसं घेतलं त्या पोरानं?"

"त्यानं नीट घेतलं. पर दाजीचा पाय सुटंना. मग मी घेतलं."

"कुनाचं?"

"सारजाचं."

आई हळूच उठली, माझ्याजवळ आली आणि पदरानं माझं कपाळ पुसलं.  "बरं केलंस," ती म्हणाली. "मथुरी आसती तरी तिनं तुला तेच सांगितलं आसतं." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती माझ्या छातीवर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली.

मी तिला धरून उभा होतो. मला आक्काचं नाव घेऊन ओरडायचं होतं, पण घरात ते घ्यायची रीत नव्हती, आणि कड्यावर मला आता कधी जाता येणार नव्हतं.